गुडघ्याचे तीन एक्स-रे

दिंडोरीकडून आलेल्या त्या वडिलांनी पिशवीतून एकामागोमाग तीन एक्स-रे काढून टेबलावर ठेवले. तिन्ही डाव्या गुडघ्याचे, पाच महिन्यांतले. तिन्ही स्वच्छ. पोरगा साडेसात वर्षांचा. शाळेतून आला की लंगडायचा, सकाळी उठला की बरा. 'वाढीचं दुखणं' म्हणून एका दवाखान्यातून मलम-गोळ्यांवर बोळवण झालेली.

मी त्याला उताणा निजवून पाय दुमडला आणि मांडी खुब्यातून आत वळवली. उजवी सहज वळली. डावी अर्ध्यावरच अडली, पोरानं चादर मुठीत धरली. खुबा आणि गुडघा, दोन्हीकडे एकाच नसेच्या फांद्या जातात, म्हणून खुबा बिघडला तरी मूल बोट गुडघ्यावर ठेवतं. हे आम्ही सगळेच शिकलेलो असतो, तरी फिल्म गुडघ्याचीच निघते. मला याचा खरंच राग येतो.

खुब्याच्या एक्स-रेत मांडीच्या हाडाचा गोळा उजव्यापेक्षा लहान, चपटा, खडूसारखा पांढरा. पर्थीस नावाचा आजार.

"हाडाचा टीबी तर नाही ना, डॉक्टर?" आजीनं विचारलं. भीती रास्त होती. लेग, काल्व्हे आणि पर्थीस या तीन डॉक्टरांनी १९१० साली आपापल्या देशात हा आजार वेगळा ओळखला, त्याआधी तो क्षयातच गणला जाई.

मी सांगितलं : गोळ्याचं रक्त तुटलंय, ते हाड विरघळेल आणि दोन-चार वर्षांत नवं भरेल. तोवर गोळा मऊ. तो कमरेच्या हाडातल्या उखळीत पूर्ण बसलेला राहिला, तर उखळीच त्याला गोल घडवते. बाहेर सरकला, तर चपटाच राहतो आणि पुढे ऐन उमेदीत सांधा झिजतो.

वडील द्राक्षवाले. म्हणाले, "म्हणजे वेलीची खरड छाटणीच. फुटवा येईल ना पण?"

"येणारच, दादा. वळण मात्र आत्ताच लावायचं."

सहाच्या आतली मुलं बहुधा नुसत्या देखरेखीवर सावरतात, आठनंतर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो. हा मधल्या वयाचा, म्हणून ते पाच महिने मला सलत होते. सुदैवानं गोळ्याची बाहेरची बाजू अजून उभी होती, खचली नव्हती. सहा आठवडे पाय फाकवून, मधे आडवी काठी घालून प्लास्टर, मग व्यायाम, दर तीन महिन्यांनी खुब्याची फिल्म. गोळा सरकू लागलाच, तर हाड कापून त्याची दिशा बदलायची.

पोरगा इतका वेळ गप्प होता. "सायकल?"

"प्लास्टर निघाल्यावर सायकल चालेल, पोहणंही. उड्या नाहीत."

त्यानं बापाकडे पाहिलं. बापानं मान हलवली आणि गुडघ्याच्या फिल्म परत पिशवीत न घालता माझ्याकडे सरकवल्या.