टरेट फिरेना

हातात पक्कड, पक्कडीच्या जबड्यात जुन्या बनियनची चिंधी आणि चिंधीत टरेट, म्हणजे माझ्या एअरगनवरच्या स्कोपचं, नेमाच्या दुर्बिणीचं, नेम सरकवायचं गोल बटण. लेक दारावरून जाता जाता डोकावली आणि म्हणाली, "पप्पा, नळ गळतोय का?" मी काही बोललो नाही. टरेट फिरला खरा, पण 'टिक' ऐवजी 'कर्र' आवाज आला, चिंधी सरकली आणि काळ्या कडेवर पक्कडीचे दोन दात उमटले.

माझी एअरगन .177 ची, नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणायची, छर्र्याची ताकद 20 ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. साताऱ्याजवळ आमचं शेत आहे. विहिरीमागे वाळूची पोती रचलीत, त्यांच्यापुढे कागद लावायचा आणि रविवारी सकाळी शंभरेक छर्रे उडवायचे, एवढाच शौक. पाखरांवर कधीच नाही. शेजारचे भाऊ वानरांसाठी बंदूक मागायला येतात. त्यांना चहा मिळतो, बंदूक मिळत नाही. पुतण्याने एकदा विचारलं, "काका, स्वप्नील कुसाळेच्या रायफलला कितीचा स्कोप असतो?" त्याला सांगितलं, ऑलिंपिकच्या रायफलला स्कोप चालतच नाही, 2024 चं पॅरिसचं कांस्य पीप साइटवरचं, म्हणजे बारीक भोकातून नेम धरून मिळवलेलं आहे. तेव्हापासून माझ्या तीन ते नऊ पट मोठं दाखवणाऱ्या स्कोपकडे तो जरा कीव आल्यासारखं बघतो.

या स्कोपला दोन टरेट. वरचा छर्रा वर-खाली नेतो, उजवीकडचा डावी-उजवीकडे. दोन्हींवर टोपणं. एक क्लिक म्हणजे पाव एमओए, एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 मीटरला ते सव्वासात मिलिमीटर होतं, माझ्या 20 मीटरला जेमतेम दीड. म्हणजे ग्रुप, कागदावरचा भोकांचा पुंजका, 3 सेंटिमीटर बाजूला पडत असेल तर 20 क्लिक. हिशोब सोपा आहे, टरेट फिरत असला तर.

उजवीकडचा फिरत नव्हता. म्हणजे अंगठा लाल होईपर्यंत जोर लावला की फिरायचा, पण ग्रुप जागचा हलायचा नाही. आठ क्लिक दिले, पाच छर्रे मारले, ढिम्म. आणखी चार दिले आणि पुढचा छर्रा एकदम 2 सेंटिमीटर पलीकडे. कडक टरेट अंगठ्याला त्रास देतो, ते चालतं. पण क्लिकवरचा विश्वास उडाला की नेम लावण्यात काही राम राहत नाही. चुकलं तर आपलं चुकलं की स्कोपचं, हेच कळत नाही.

पक्कडीचा पराक्रम झाल्यावर मी गंज सोडवायच्या स्प्रेचा डबा शोधत होतो. तो सापडला नाही, हे माझं नशीब. तो पातळ द्रव आत झिरपला की असलेलं ग्रीस धुऊन नेतो, आणि लेन्सवर त्याचा थर बसला की तो काढणार कोण? शेवटी स्कोप माउंटवरून, म्हणजे त्याला बंदुकीवर धरणाऱ्या रिंगांतून सोडवला, टॉवेलात गुंडाळला आणि आमच्या पेठेतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेला. बारीक स्प्रिंग आणि बारीक गोळी म्हटलं की मला तेच आठवतात.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, टोपण काढलं आणि दोन बोटांनी टरेट फिरवला. टिक, टिक, टिक, टिक. भिंग न काढताच म्हणाले, "हे तर फिरतंय की."

गॅरेजमध्ये नेल्यावर गाडीचा खडखडाट बंद होतो, तसं झालं. मी फिरवून पाहिलं. खरंच फिरत होता! काल पक्कड लागली, आज दोन बोटं पुरली. मधल्या काळात मी केलं काय होतं? स्कोप सोडवला होता, बस्स.

काकांनी स्कोपच्या नळीवरून नख फिरवलं आणि टरेटच्या बुडाजवळ थांबले. तिथे गोल वण होता, नखाला लागेल एवढा खोल. माउंटच्या मागच्या रिंगचा. ती मीच आवळली होती. स्प्रिंगची एअरगन विचित्र झटका देते. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे हिसडते. त्या हिसड्यात बंदूक पुढे जाते, स्कोप जागीच राहू पाहतो, आणि दर छर्र्याला थोडा थोडा करत माउंटसकट मागे सरकतो. माझा पावसाळाभर सरकत होता. प्रत्येक वेळी मी पुढे ढकलायचो आणि स्क्रूला अजून अर्धा आटा द्यायचो, तोही ॲलन कीचा लांब दांडा धरून. बाहेरची नळी चेपली आणि आतली नळी तिच्यात अडली. टरेटचा स्क्रू त्या आतल्या नळीलाच ढकलतो, समोरून एक स्प्रिंग तिला परत रेटते. नळी अडलेली असली की स्क्रू जोर साठवत राहतो, ती हलत नाही, आणि मग साठलेल्या सगळ्या क्लिकचं एकदम हलते. कागदावर मला तेच दिसत होतं.

वरचा टरेट मात्र सोडवल्यावरही जड होता. काकांनी बाजूचे तीन इवलेसे स्क्रू ढिले करून वरची चकती उचलली. खाली रबरी रिंग कोरडी ठणठणीत. वॉटरप्रूफ घड्याळांच्या रिंगांना लावतात ते सिलिकॉनचं ग्रीस त्यांनी काडीच्या टोकावर घेतलं, मोहरीएवढं, आणि बोटाने गोल फिरवलं. त्याच्या खाली हात लावू नका म्हणाले. आत वायू भरलेला असतो, तो गेला की पावसात काचेवर आतून धुकं धरतं. मग टरेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवला. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांगा."

जुने दोन तुकड्यांचे माउंट काढून टाकले. एकसंध माउंट आणला, ज्याला खाली पिन असते आणि ती बंदुकीवरच्या भोकात बसते. सरकणं पिनेने थांबवायचं असतं, रिंग आवळून नव्हे, हे मला वर्षभराने कळलं. आता ॲलन कीचा लांब दांडा स्क्रूमध्ये घालतो आणि आखूड दांड्याने फिरवतो, म्हणजे हाताला जोर मिळतच नाही. चारही स्क्रू कर्णाकर्णाने, थोडे थोडे. मागची रिंग टरेटपासून दोन बोटं लांब.

रविवारी चौकोन काढून पाहिला. पाच छर्रे मधोमध. मग 20 क्लिक वर, पाच छर्रे. 20 उजवीकडे, पाच. 20 खाली, पाच. 20 डावीकडे, शेवटचे पाच. बाजू 29 मिलिमीटर यायला हवी होती, पट्टीने 27 ते 31 भरली. वण पडलेल्या नळीकडून आणि माझ्या हाताकडून याहून जास्त मागणार नाही. शेवटचे पाच पहिल्या पाचांवर पडले, दोन तर जुन्याच भोकातून गेले.

पुतण्याने कागद घरी नेला. टरेटच्या कडेवरचे पक्कडीचे दात अजून आहेत, पण टोपण लावलं की दिसत नाहीत.