चुलीतला च

जर्मनच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर झेड, यू, जी अशी तीन अक्षरं लिहिली आणि मला वाचायला उभं केलं. मी म्हटलं, "झुग."

"चूक," मॅडम म्हणाल्या.

"झूग."

"अगं, चूक!"

तिसऱ्यांदा मी रडकुंडीला आले तेव्हा त्यांनी उलगडा केला. मी चुकले असं त्या म्हणतच नव्हत्या, त्या शब्दाचा उच्चारच 'चूक' होता. जर्मन झेड म्हणजे आपला चुलीतला च, आणि शब्दाच्या शेवटी आलेल्या ग चा तिथे क होतो. अर्थ? आगगाडी. मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच म्हणालं, "म्हणजे गाडी चुकलीच की."

आपल्याकडे दोन च आहेत हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. चिमणीतला वेगळा, चुलीतला वेगळा; चार वेगळा, चारा वेगळा. लिहायचे सारखे, म्हणून कधी लक्षच गेलं नाही. मला वाटलं, झालं, हा एक उच्चार तरी फुकटात मिळाला. तसं नव्हतं, पण ते पुढे.

मी मूळची अकोला जिल्ह्यातली. नर्सिंगला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच वॉर्डात एका म्हातारीला म्हटलं होतं, "आजी, डोये उघडा." आजींनी डोळे उघडले, पण सोबतच्या मुली दोन दिवस हसत होत्या. त्यानंतर ळ आणि ण शिकायला मला वर्ष लागलं. कोणी शिकवलं नाही, मीच बोलण्याआधी वाक्य मनात म्हणून बघायची. त्यामुळे जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा इतरांना व्याकरणाची धास्ती होती आणि मला तोंडाची. म्हटलं, पुन्हा एकदा हसं.

नर्स म्हणून तिथे मान्यता मिळवायला साधारण बी-टू पातळीची जर्मन लागते. मी दिलेल्या परीक्षेचे चार भाग होते: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. पहिल्या तिन्हींत मी निघाले, संभाषणात ५६ वर अडकले. आपले उच्चार कोणाला कळू नयेत म्हणून मी पंधरा मिनिटं सुसाट बोलले होते. समोरच्या जोडीदारालाही मी काय विचारतेय ते कळलं नाही, बिचारा नुसता मान हलवत होता. नशीब की नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो.

मॅडमनी मग मला वेगळं बसवलं. त्यांनी कागदावर दोन रकाने पाडले: 'कळत नाही' आणि 'परकं वाटतं'. म्हणाल्या, दुसरा रकाना आपण फाडून टाकू. माझा ट त्या दुसऱ्या रकान्यात होता, र सुद्धा. जर्मन र घशातून, गुळण्या केल्यासारखा काढतात. मी वसतिगृहाच्या मोरीत सकाळी गुळण्या करत तो घोटला होता, शेजारच्या खोलीतल्या मुलींना वाटायचं मला बारमाही घसा धरलाय. तो सोडून दे म्हटल्यावर मला वाईटच वाटलं, इतकी मेहनत गेली होती.

पहिल्या रकान्यात ठळक दोनच गोष्टी उरल्या.

एक तो च. चुलीतला च आपण अ, आ, उ, ओ यांच्यासोबत सहज म्हणतो. चमचा, चूल, चोर. पण पुढे इ किंवा ए आला की जीभ आपोआप चिमणीतल्या च वर घसरते. चिंच, चेहरा. चूल मधला च ठेवून 'चेहरा' म्हणून बघा, तोंड अडतं. जर्मनमध्ये नेमकं दहाला 'त्सेन' आणि खोलीला 'त्सिमर' म्हणतात. मी 'चेन' आणि 'चिमर' म्हणायचे. मॅडम म्हणाल्या, "तू नर्स आहेस ना? 'चिकित्सेत' म्हण. आता पुढचं 'चिकि' काढून टाक." त्से निघाला! 'त्सि'साठी त्यांनी शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला चिनी प्रवासी इत्सिंग उकरून काढला. महिनाभर मी चिकित्सा आणि इत्सिंग यांचा जप केला.

दुसरा तो यू, डोक्यावर दोन टिंबांचा. जीभ 'ई'च्या जागी ठेवायची आणि ओठांचा शीळ घालताना करतो तसा चंबू करायचा. आमच्याकडे पोरीनं शीळ घातली तर आजी पाठीत धपाटा घालायची, त्यामुळे ओठ वळायलाच तयार नव्हते. आरसा घेऊन बसले. पंधरा दिवसांनी जमलं आणि मग मी तो दिसेल तिथे वापरायला लागले. दुसऱ्या खेपेला संभाषणात ७४ पडले. त्या चंबूचा हिशेब मात्र पुढे द्यावा लागला.

मला काम मिळालं न्युर्नबर्गला. इतिहासात आपण 'न्यूरेंबर्ग'चे खटले वाचतो तेच गाव; इथेही ते दोन टिंबं आहेतच. पहिल्या आठवड्यात एका आजोबांना उशी नीट करून देताना मला विचारायचं होतं, "लीगन झी बेक्वेम?" नीट पहुडलात ना? मी ओठांचा चंबू करून मोठ्या टेचात विचारलं, "ल्यूगन झी बेक्वेम?" म्हणजे, खोटं बोलायला सोपं जातंय ना? आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "श्वेस्टर, पंचावन्न वर्षं लग्न झालंय माझं. सवय आहे." तिकडेही नर्सला सिस्टरच म्हणतात.

ही झाली गंमत. दुसऱ्या प्रसंगात गंमत नव्हती. रात्रपाळीत फोनवर डॉक्टरांना एका औषधाचे मिलिग्रॅम सांगायचे होते: पंधरा, 'फ्युन्फत्सेन'. घाईत माझा च पुन्हा चिमणीवर गेला, शेवटचा न गिळला गेला, आणि पलीकडून आवाज आला, "फ्युन्फत्सिश?" म्हणजे पन्नास. त्यांनी उलट विचारलं म्हणून निभावलं. त्या रात्रीपासून मी आकडे सुटे सांगते: आइन्स, फ्युन्फ. एक, पाच. इथले लोकही फोनवर असंच करतात. 'त्स्वाय' आणि 'ड्राय' सारखे ऐकू येतात म्हणून दोनला मुद्दाम 'त्स्वो' म्हणतात. म्हणजे आपापसात त्यांनाही ऐकायला अडचण येते, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. बाकी आकड्यांचा मला त्रास नव्हता. जर्मन त्रेपन्नला 'तीन आणि पन्नास' म्हणतात, आपलं तरी काय वेगळं आहे? सोबतच्या केरळच्या मुलीला मात्र ते उलटं वाटायचं, ती प्रत्येक वेळी कागदावर लिहून घ्यायची.

आणि मग न्युर्नबर्गची बोली. हा प्रांत फ्रांकेन. इथले लोक र जिभेच्या टोकाने वाजवतात, आपल्यासारखाच. मोरीतल्या त्या सगळ्या गुळण्या वाया! एका आजींनी मला विचारलं, तुझा र इतका 'शे' कसा? 'शे' म्हणजे 'शोन', सुंदर. त्या 'शोन'मधल्या टिंबवाल्या ओ साठी मी आरशासमोर किती संध्याकाळी घालवल्या, आणि या बाईंनी तो शब्दातून सरळ उडवून लावला होता. मला एकदम 'डोये' आठवले. इथेही बाहेरगावचे लोक त्यांच्या बोलीला हसतात, असं त्याच म्हणाल्या.

प आणि ब, ट आणि ड हे इथल्या कित्येकांच्या तोंडी एकच होतात. सगळं मऊ. पोस्टाला 'बोस्ड'. मग नाव सांगताना पंचाईत होते, म्हणून ते प ला 'कडक ब' म्हणतात आणि ब ला 'मऊ ब'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही थट्टा आहे असंच वाटलं. प, फ, ब, भ असे चार-चार घेऊन आलेली मी, समोर एका ब चे दोन प्रकार करणारी माणसं.

आईचा फोन रात्री येतो. "जेवली काय वं माय?" असं ती म्हणाली की माझे ळ आणि ण जे पळतात ते फोन ठेवेपर्यंत परत येत नाहीत. परवा असंच बोलून ठेवलं आणि लगेच प्रयोगशाळेतून फोन आला, पेशंटचं आडनाव नीट ऐकू येत नाही, पहिलं अक्षर कुठलं?

"ब," मी म्हटलं. "कडक."

पलीकडच्या बाईंनी मुकाट लिहून घेतलं.