ऑर्किड-रूम अपडेट: एसी आणि ह्युमिडिफायरच्या कुस्तीत जिंकला कूलर

आधी आकडा सांगते, मग रडगाणं. नागपूर, मे महिना, बाहेर 43 डिग्री, बाहेरचा आरएच (हवेतली सापेक्ष आर्द्रता) 15% च्या आसपास. आणि मागच्या खोलीत ऑर्किडच्या रॅकच्या मधल्या फळीवर दुपारी तीन वाजता 28 डिग्री, 62%. एसी बंद, ह्युमिडिफायर बंद. मीटरवर माझाच विश्वास बसत नव्हता म्हणून दुसरा मीटर शेजारी ठेवला, तोही 60 म्हणतोय. (दोन्ही मीटर मिठाच्या टेस्टमधून पास झालेले आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झिपलॉक पिशवीत बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, चिखलासारखं, पाणी तरंगायला नको, शेजारी मीटर, पिशवी बंद करून रात्रभर. सकाळी 75 दाखवायला हवं. माझा एक स्वस्तातला मीटर 67 दाखवत होता, त्यावर चिठ्ठी चिकटवलीये +8.)

आता गेल्या अपडेटनंतर काय काय झालं ते. मार्चमध्ये 6 लिटर टाकीवालं अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर घेतलं होतं ते आठवत असेल, फुल स्पीडला तासाला 400 मिली. खोली दहा बाय दहा, उंची दहा, म्हणजे साधारण 28 घनमीटर. हिशोब अगदी सोपा वाटला होता. 28 डिग्रीच्या हवेत 100% आरएचला घनमीटरमागे 27 ग्रॅम वाफ मावते, 20 वरून 65% ला न्यायचं तर घनमीटरमागे बारा ग्रॅम, म्हणजे अख्ख्या खोलीला जेमतेम साडेतीनशे मिली. मशीन तासाला 400 देतंय म्हणजे तासाभरात काम फत्ते व्हायला पाहिजे ना? तर नाही. एप्रिलभर आकडा 38 ते 42 मध्ये अडकून बसलेला. दाराच्या फटीला पट्टी लावली, खिडकीला फोम लावला, मशीन रॅकच्या वर ठेवलं, खाली ठेवलं, पंख्यासमोर ठेवलं, तोच आकडा. आणि मधल्या काळात पिवळ्या फॅलच्या (फॅलेनॉप्सिस ऑर्किड) कळ्या एकेक करून वाळल्या, बड ब्लास्ट, जवळपास अख्खा स्पाइक (फुलांचा दांडा) गेला. ओन्सिडियमची (हेही ऑर्किडच) नवी पानं घड्या पडून, चुण्या चुण्या होऊन बाहेर येत होती.

कळलं कशावरून तर एसीच्या ड्रेन पाइपवरून. आमच्याकडे मे महिन्यात बाकीच्या खोल्यांतल्या एसीचे पाइप जवळपास कोरडे असतात, कारण बाहेरच्या हवेत काढायला पाणीच नसतं. ऑर्किडच्या खोलीचा पाइप मात्र टपटप टपटप, खाली बादली लावावी लागत होती. एक दिवस मापाचा जग लावून बघितलं, तासाला अडीचशे मिली! म्हणजे एक यंत्र हवेत पाणी टाकतंय, दुसरं तेच पाणी काढून बाहेर फेकतंय, आणि दोघांचंही बिल मी भरतेय.

कारण समजून घेतलं तर फारच साधं आहे. एसीची कॉइल 10-12 डिग्रीला असते. खोलीचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमायला लागते तो) त्याच्या वर गेला की कॉइलवर पाणी जमणारच, त्यामुळे दवबिंदू तिथेच आसपास खिळून राहतो. 28 डिग्रीच्या खोलीत 12 चा दवबिंदू म्हणजे किती आरएच? 37%. माझा अडकलेला आकडा इथून येत होता! 65% हवं असेल तर दवबिंदू 20-21 पाहिजे, आणि चालू एसीखाली तो तसा ठेवायचा तर एसी जेवढं काढतो त्याहून कितीतरी जास्त पाणी सतत ओतत राहायला लागेल. त्यामुळे ‘400 मिलीवालं कमी पडतंय तर 1 लिटरवालं घे’ हा सल्ला जो मला तीन-चार जणांनी दिला होता तो एसीच्या खोलीत फार पैसे खाणारा आहे. आणि खोक्यावरचं ते ‘500 स्क्वेअर फुटांसाठी योग्य’ वगैरे वाचूच नका, तासाला किती मिली एवढा एकच आकडा बघा, आणि तो ज्या कंपनीने छापलेलाच नाही ते मशीन घेऊच नका.

पांढऱ्या पुडीची तक्रार तर वेगळीच. आमचं बोअरचं पाणी, टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 800. अल्ट्रासॉनिक पाण्याचा थेंब फोडतं, त्यातले क्षार मागे राहत नाहीत, थेंबाबरोबर हवेत जातात. बारा तास चालवलं की जवळपास पाच लिटर पाणी, म्हणजे रोज पावणेचार ग्रॅम क्षारांची पूड पानांवर, एलईडीवर, आणि आपल्या फुफ्फुसात. पानं पुसून पुसून हात दुखले. आरओचं पाणी वापरलं तर पूड बंद होते हे खरं, पण किचनच्या आरओने पाच लिटर बनवायला पंधरा लिटर नालीत जातं, उन्हाळ्यात नागपुरात हे जिवावर येतं. मग मी एसीच्याच बादलीतलं पाणी मशीनमध्ये घातलं, त्याचा टीडीएस 20 च्या आत, पूड एकदम बंद! त्यावर मी दोन दिवस फार खूश होते. (कुंड्यांना मात्र ते घालू नका, कॉइलवरची घाण आणि धातूचा अंश येतो त्यात.) पण आकडा हलेना तो हलेनाच. त्यात मशीनची डिस्क (धुकं करणारी चकती) गेली. विक्रेता म्हणतो बोअरचं पाणी वापरलं तर वॉरंटी नाही, हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. नवीन डिस्क बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळाली, अगदी स्वस्तात, पाच मिनिटांत बसली. म्हणजे दुरुस्ती इतकी सोपी आहे तर सर्व्हिस सेंटर महिनाभर का घेतं, देव जाणे.

स्टीमवालं पण बघून झालं. त्याला पूड नाही, जंतू नाहीत, क्षार सगळे भांड्यातच राहतात. पण लिटरमागे पाऊण युनिट वीज, आणि ती सगळी उष्णता खोलीतच. मे महिन्यात 28 डिग्रीसाठी झगडणाऱ्या खोलीत उकळतं भांडं ठेवायचं म्हणजे कमालच. बाद.

तर मूळ गोष्ट. सासूबाईंचं मार्चपासून एकच पालुपद, ‘झाडाले एसी अन् माणसाले कूलर, वा रे वा!’ मी हसण्यावारी नेत होते. मीटर तपासायला म्हणून सगळ्या खोल्यांतून फिरवत होते तेव्हा त्यांच्या खोलीत तो टेबलावर राहून गेला. संध्याकाळी उचलायला गेले तर कूलर चालू आणि मीटरवर 27 डिग्री, 66%. आपल्याला जे हवं ते आमच्या घरात तीस वर्षं खिडकीत लटकलेलं आहे आणि मी ऑनलाइन रिव्ह्यू वाचत बसले!

विचार करा ना, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हाच ह्युमिडिफायर आहे, फक्त आपण त्याला गारव्यासाठी विकत घेतो. एक लिटर पाणी हवेत जाताना हवेतूनच पाऊण युनिटाच्या थोडी कमी उष्णता ओढून घेतं, म्हणजे स्टीमच्या बरोबर उलटा कारभार. 43 डिग्री आणि 15% च्या हवेचं वेट बल्ब (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते तापमान) 22 च्या आसपास येतं. पॅड चांगला ओला असेल तर हवा 43 ते 22 मधलं तीन चतुर्थांश अंतर कापते, 43 वरून थेट 27. आणि आरएच आपोआप 65 च्या आसपास थांबतो, कारण पॅड हवेला पूर्ण संपृक्त करूच शकत नाही. कंट्रोलर नको, सेन्सरवर धुकं बसून 99% दाखवायची भानगड नको. क्षार पॅडवर राहतात, पानांवर नाही. कंट्रोलर लावलाय मी, पण सध्या तो फक्त आकडे लिहून ठेवतो.

एक अट मात्र आहे, समोरची खिडकी उघडी हवी. मी लावलेला सगळा फोम काढून फेकला. विदर्भात हे कोणाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी: बंद खोलीत कूलर म्हणजे चिकचिक. आणि मुंबई-कोकणात, गोव्यात हे अजिबात करू नका, तिकडे बाहेरचीच हवा ओली आहे, तुमचा प्रॉब्लेम वेगळा, तुम्हाला पंखा हवा.

पाणी मात्र पितो तो. फुल स्पीडला तासाला दहा-अकरा लिटर! स्लोवर ठेवला तर चार-साडेचार, आणि दहा बाय दहाच्या खोलीला स्लो भरपूर आहे. कूलरवाल्या भाऊंनी मोटरला रेग्युलेटर लावून दिला, ‘ताई, झाडासाठी कूलर पहिल्यांदाच लावून राहिलो’ म्हणाले. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करतेय, एक तर डासांमुळे (डेंगूचे डास कूलरच्या टाकीत होतात हे काय नवीन नाही) आणि दुसरं म्हणजे बाष्प उडून उडून टाकीतल्या पाण्याचा टीडीएस वाढत जातो, आठवड्याने मोजला तर 2000 च्या वर होता. ते पाणी झाडांना नाही, अंगणाला.

निकाल: ओन्सिडियमचं जे पान आत्ता उलगडतंय ते सरळ आहे, एकही घडी नाही, रोज जाऊन बघते. वांडाच्या मुळांची टोकं हिरवीगार झालीत, आणि पांढऱ्या फॅलच्या तीन कळ्या अजून टिकून आहेत, नजर लागू नये. सीतेच्या वेणीला (हेही ऑर्किडच) तसाही काही फरक पडत नव्हता, ती आपलीच, तिला उन्हाळा माहीत आहे.

ज्यांनी विचारलं होतं की दुपारी 40% झाला तर फॅल मरेल का, त्यांना उत्तर: फॅल, काटेल्या, वांडा ही जाड पानांची मंडळी दिवसा रंध्रं मिटून बसतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रात्रीचा आरएच जास्त महत्त्वाचा. दुपारी खरी वाट लागते ती पातळ पानांच्या ओन्सिडियम वगैरेची. त्यामुळे कूलर रात्रीही स्लोवर चालू. अवकाळी आली त्या रात्री 80 च्या वर गेला होता, तेव्हा पंप बंद आणि नुसता पंखा, पानांवर पाणी साचून सडायला नको.

कूलरचा झोत थेट वरच्या फळीवर लागतो म्हणून उद्या पत्र्याची झडप करून तो छताकडे वळवायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की झडप कशाला, पॉलिहाऊसवाले जरबेरासाठी करतात तसं करू ना. खिडकीत फक्त पॅड आणि पंप, आणि समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन, तो हवा बाहेर ओढेल आणि खिडकीतून ओली हवा आपोआप सगळीकडे सारखी येईल, झोतच नाही. एक्झॉस्टचं भोक आहेच, जुनी स्वयंपाकाची खोली आहे ती. त्यामुळे झडप रद्द.

अल्ट्रासॉनिक विकायचं म्हणत होते, ते पण रद्द. बल्बोफायलम आणि छोटी रोपं काचेच्या पेटीत आहेत, तिथे तासाला दहा मिनिटं, आरओच्या पाण्यावर, मस्त चाललंय. पेटीत एसी नाही ना! आणि स्टीमवालं मघाशी बाद केलं, पण जानेवारीत आमच्याकडे रात्री 10 पर्यंत खाली जातं तेव्हा खोलीला उष्णता हवीच असते, म्हणजे मे मधला त्याचा दुर्गुण जानेवारीत गुणच की. हिवाळ्याआधी सेलमध्ये बघते.

आता मला एक सांगा. 800 टीडीएसच्या पाण्यावर हनीकोम्ब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचा, पुठ्ठ्याचा) कोणी वापरलाय का? वूड वूल (कूलरचं लाकडी गवत) इतवारीत स्वस्त मिळतं, दर सीझनला फेकता येतं, म्हणून माझा कल तिकडे आहे. कूलरवाले भाऊ म्हणतात हनीकोम्ब दोन-तीन सीझन जातो, पण क्षारांनी त्याची भोकं बुजली तर सायट्रिक अ‍ॅसिडने धुऊन मोकळी होतात की पुठ्ठाच विरघळतो? आणि खसाचं नाव काढू नका, वास छान पण आमच्या खसावर बुरशी फार लवकर येते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत पॅड बसवायचाय, तेव्हा जरा लवकर सांगा.