डिचोली ते काणकोण, ठोकलेल्या पिकअपची थरथर शोधत

मागच्या पावसात रात्री साखळीजवळ बैल आडवा आला, मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि आमचा जुना फोर बाय फोर पिकअप चिऱ्यांच्या गडग्यावर चढून पोटावर बसला. बैल शांतपणे निघून गेला. गॅरेजवाल्यांनी बंपर, हेडलाइट, डावा लोअर आर्म सगळं बदललं पण ८० च्या पुढे थरथर काही जाईना. तीनदा अलायनमेंट केलं, तीनदा पैसे मोजले. अलायनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर खातो, पण थरथर सहसा त्याची नसते, हे मला इतक्या पैशांनंतर कळलं.

मेव्हण्याच्या काणकोणच्या बागायतीतले नारळ आणायचेच होते, म्हटलं जाताजाता शोधूया. उसगाव ते फोंडा खड्डे आणि ट्रक, पन्नासच्या वर जाताच येत नाही, त्यामुळे थरथर शून्य. पण खड्ड्यांचा एक फायदा, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड (चाकाचे आणि स्टिअरिंगचे सांधे-दांडे) गेला असता तर इथेच खडखड ऐकू आली असती. नव्हती. बोरीचा पूल, मडगाव, कुंकळ्ळी करत करमल घाटात पोचलो, उतारावर मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला (मागे कोणी नाही बघूनच हां), स्टिअरिंग स्थिर, म्हणजे ब्रेक डिस्क सरळ.

खरी परीक्षा काणकोणच्या बायपासवर. रस्ता गुळगुळीत, सकाळी मोकळा. ८० ला स्टिअरिंग डुलायला लागलं आणि पायाखाली पत्र्यात वेगळीच बारीक झणझण. आतापर्यंत मी दोन्हीला एकच समजत होतो! मेव्हणा म्हणाला भावोजी, न्यूट्रल मारा. मारला (इंजिन चालूच ठेवा, नाहीतर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा जोर जातो), दोन्ही तशीच. म्हणजे इंजिन, क्लच संशयातून सुटले.

आता हिशोब बघा. आमचा टायर एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जातो, म्हणजे ८० ला सेकंदाला दहाएक फेऱ्या, तो डुलतो. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा फिरता पाइप) त्याच्या चारेक पट फिरतो, त्याची झणझण होते. हात डुलतोय की पाय झणझणतोय, आधी हे ओळखा.

गाडी कडेला घेतली तर पुढचे हब (पुढची चाकं पुढच्या शाफ्टला जोडणारी, हाताने फिरवायची कुलपं) लॉकवरच! गॅरेजमधून तसेच आलेले आणि मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. फ्री करून परत ८० ला नेली, झणझण गायब, डुलणं कायम. मग डाव्या चाकाच्या जागी स्टेपनी लावली, डुलणंही गेलं. काढलेलं चाक उजव्या बाजूला लावून, जॅकवर उचलून, रिमजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरून फिरवलं तर बाहेरची कड सरळ पण आतली कड दर फेरीला पुढेमागे. गॅरेजने त्याच रिमवर बॅलन्सिंगची वजनं चिकटवून ठेवली होती, वाकडी रिम वजनाने सरळ होते का?

चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारात, एका मिस्त्रीकडे गाडी घातली, तो खाली शिरला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "पात्रांव, हें पळय" (मालक, हे बघा). पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या पाइपला अंगठ्याएवढा पोचा. गडग्यावर बसली तेव्हाचा. पत्रा पातळ असतो, एवढ्यानेही बॅलन्स जातो. त्याने शाफ्ट काढला, काढताना फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि मधल्या सरकत्या जॉइंटवर रंगाच्या खुणा केल्या, खुणा नाही केल्या तर परत बसवताना क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) चुकीच्या कोनात बसतात आणि नवीन थरथर सुरू. मग हब लॉक करून टू व्हीलमध्ये पळवली, एकदम गप्प.

तुम्ही करणार असाल तर, या चाचणीला फोर हाय (चारही चाकांना जोर) लागत नाही. पार्ट टाइम गाडीत (जिथे फोर हायमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकत्र बांधले जातात) कोरड्या डांबरावर फोर हाय टाकूच नका, गिअर आवळले जातात. हब लॉक आणि लिव्हर टू हायवर (फक्त मागच्या चाकांना जोर), एवढ्यानेही शाफ्ट फिरतो. हाताचे हब नसतील तर शाफ्ट काढूनच बघावं लागेल, पण तो ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) सरकून बसणारा असेल तर ऑइल बाहेर येईल, आमच्याला दोन्हीकडे फ्लँज म्हणून निभावलं. स्टेपनीची साइज आणि हवा घरीच तपासा, पावसात जॅकखाली फळी ठेवा. आणि चार चाकं ट्राय करायला गालजीबागला वाळूवर गाडी घालू नका, तिथे कासवं अंडी घालतात आणि गोव्यात बीचवर गाडी नेली की दंड आहे.

शाफ्ट सध्या बेळगावला, नवा पाइप आणि बॅलन्सिंगसाठी. तोवर पुढचे हब फ्री. नारळ मात्र बागायतीतच राहिले, मेव्हणीचा फोन येऊन गेला.