कंसातला आर अखेर सापडला! (चार्ल्स वि. पार्लमेंट कलेक्शन, अपडेट ३)

मंडळी, तीन महिने गायब होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, फक्त एकदा फसलो होतो, ते खाली सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी इंग्लंडचा पहिला चार्ल्स आणि त्याची पार्लमेंट यांच्या भांडणातली नाणी जमवतोय, दोन्ही बाजूंची. जानेवारी १६४२ मध्ये राजा सैनिक घेऊन थेट सभागृहात घुसला पाच खासदारांना धरायला, ते आधीच सटकलेले, आणि आठवड्याच्या आत साहेबांनाच लंडन सोडून जावं लागलं. लंडन गेलं म्हणजे टॉवर या तिथल्या किल्ल्यातली टांकसाळ पण गेली. तशीही त्या टांकसाळीत त्याची पत फार उरली नव्हती, १६४० मध्ये व्यापाऱ्यांनी तिथे ठेवलेलं सोनंचांदी याने अडकवून ठेवलं होतं आणि शेवटी कर्ज घेऊन सोडलं. सगळं भांडण मुळात पैशाचंच हो, पार्लमेंटला विचारल्याशिवाय कर लावायचा नाही आणि हा ११ वर्षं पार्लमेंट न बोलावता राज्य करत बसलेला.

तर आता हातात आलेला शिलिंग. त्यावर मिंटमार्क (टांकसाळीची खूण) कंसातला आर, (R), म्हणजे १६४४-४५, पार्लमेंटच्या ताब्यातल्या टॉवरचा. वजन ५.७ ग्रॅम भरलं, असायला हवं साधारण ६, कडा कातरल्यात कोणीतरी. चेहरा निम्मा सपाट, पण डोक्यामागचं बारा पेन्सचं XII स्वच्छ आणि मिंटमार्क असा ठसठशीत बसलाय की बाकी सगळं माफ. आता मजा बघा, पार्लमेंट राजाशी लढतेय आणि नाण्यावर मुंडकं राजाचं, नाव राजाचं, मागे लॅटिनमध्ये 'ख्रिस्ताच्या कृपेने मी राज्य करतो' तसंच्या तसं. त्यांचं म्हणणं आम्ही राजाविरुद्ध नाहीच, त्याच्या वाईट सल्लागारांविरुद्ध आहोत 😄 आपल्याकडे पेशवाईतले अंकुशी रुपये ज्यांनी हाताळलेत त्यांना यात काही नवल वाटणार नाही, सत्ता पुण्याची आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं.

आणि राजाची बाजू त्याहून भारी. त्याने आधी श्रूजबरीला आणि मग ऑक्सफर्डला टांकसाळ उघडली, कॉलेजांची चांदीची भांडी वितळवून नाणी पाडली, आणि त्यावर घोषणा काय तर प्रॉटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे आणि *पार्लमेंटचं स्वातंत्र्य*! म्हणजे पार्लमेंटच्या नाण्यावर राजा आणि राजाच्या नाण्यावर पार्लमेंट. मी हे कलेक्शन सुरू केलं ते या एका गोष्टीपायी.

आता फसलो ते. ऑक्सफर्डचा हाफ क्राऊन (अडीच शिलिंगचं नाणं) म्हणून एक घेतला, फोटोत घोषणेच्या तिन्ही ओळी अगदी छान दिसत होत्या, तिथेच शंका यायला हवी होती. घरी काट्यावर ठेवला तर १२.९, हवा १५ च्या आसपास. भिंगाखाली बारीक बुडबुडे आणि कडेला जोड. साच्यात ओतलेला, म्हणजे नकली! विकणाऱ्याने पैसे परत केले पण महिनाभर मागे लागल्यावर. तेव्हा घेण्याआधी वजन विचारा, सांगायला टाळाटाळ केली की सोडून द्या.

यादीत अजून न्यूअर्क गावाच्या वेढ्यात पाडलेलं, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं नाणं आहे, ते मला या जन्मी परवडणार नाही. मग आता १६४९ नंतरचं, राजाचं डोकं उडवल्यावरचं कॉमनवेल्थ, म्हणजे बिनराजाच्या राजवटीचं नाणं बघतोय. त्यावर राजा नाही, लॅटिन पण नाही, सरळ इंग्रजीत 'देव आमच्याबरोबर'. फक्त गोची अशी की परवडणारं दोन पेन्सचं छोटं नाणं घेतलं तर त्यावर अक्षरंच नाहीत, नुसत्या ढाली. शिलिंगसाठी थांबू का हेच घेऊन टाकू? आणि या सपाट चेहऱ्यांचे फोटो कसे काढता रे, माझा टेबललॅम्प डावीकडून तिरका लावला तर नाक दिसतं पण कंस गायब होतो.