शिखरांच्या यादीत खिंडींचा हिशेब

के२ हे जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आहे, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र जगातील पर्वत एका निराळ्या मापाने मांडले, तर तेच के२ बाविसाव्या क्रमांकावर जाते आणि त्याच्यापेक्षा दोन हजार सातशे मीटरने ठेंगणा असलेला किलिमांजारो चौथा येतो. या यादीच्या पहिल्या दहांत हिमालयाचे एव्हरेस्ट हे एकच शिखर आहे; त्यानंतरचे हिमालयीन शिखर म्हणजे नंगा पर्बत, आणि तेही चौदाव्या स्थानी. दुसरे अकोन्काग्वा, तिसरे देनाली, पाचवे कोलंबियातील क्रिस्तोबाल कोलोन. ही यादी प्रथम पाहणाऱ्याला ती उलटीपालटी वाटते, आणि मलाही या विषयाची गोडी लागली ती याच उलथापालथीमुळे.

या मापाला इंग्रजीत प्रॉमिनन्स म्हणतात. मी माझ्या टिपणांत त्याला शिखराचा उठाव असे लिहितो. एखाद्या शिखरावरून निघून त्याहून उंच अशा कोणत्याही जमिनीवर चालत जायचे ठरवले, तर वाटेत कुठेतरी खाली उतरावेच लागते. अशा वाटा अनेक असतात. त्यांपैकी जिच्यावर कमीत कमी उतरावे लागेल ती वाट निवडायची, आणि तिच्यावरील सर्वांत खालचा बिंदू म्हणजे त्या शिखराची निर्णायक खिंड समजायची. शिखर आणि ही खिंड यांच्या उंचीतील फरक म्हणजे उठाव. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरील डोंगर ज्यांनी बामणोलीहून नावेतून पाहिले आहेत, त्यांना हे लवकर उमगेल: पाणी चढत चढत एखादा माथा शेजारच्या उंच डोंगरापासून ज्या क्षणी तुटून बेट होईल, त्या क्षणीची पाण्याची पातळी म्हणजे त्याची निर्णायक खिंड, आणि बेटाचा वर उरलेला भाग म्हणजे त्याचा उठाव. एव्हरेस्टहून उंच जमीनच नसल्यामुळे त्याचा उठाव समुद्रसपाटीपासूनच्या उंचीइतकाच, म्हणजे ८,८४८.८६ मीटर, धरण्याचा संकेत आहे.

आता के२ खाली का घसरते, हे कळते. के२वरून एव्हरेस्टकडे जायचे तर काराकोरममधून तिबेटच्या पठारावर यावे लागते, आणि या सगळ्या वाटेवर जमीन सुमारे ४,६०० मीटरच्या खाली जातच नाही. ती तितकी खाली येते ती नेपाळमधील मुस्तांगच्या उत्तर सीमेजवळ. म्हणून ८,६११ मीटर उंचीच्या के२चा उठाव सुमारे ४,०२० मीटर भरतो. किलिमांजारोहून उंच जमीन गाठायची तर मात्र आफ्रिका सोडून आशियात जावे लागते, आणि त्या वाटेवर सुएझची संयोगभूमी आडवी येते, जी समुद्रापासून जेमतेम दहा मीटर वर आहे. त्यामुळे ५,८९५ मीटरपैकी ५,८८५ मीटर त्याच्या पदरी पडतात. ल्होत्से तर ८,५१६ मीटर उंच असून जगात चौथे आहे. पण साउथ कोलच्या खिंडीने ते एव्हरेस्टला इतक्या वर जोडलेले आहे, की त्याचा स्वतःचा उठाव ६१० मीटरच उरतो.

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे माप अंगवळणी पडायला वेळ लागत नाही, कारण आपला सगळा मुलूख धारा, सोंडा आणि खिंडी यांनी बनलेला आहे. महाबळेश्वराच्या पठारापासून फुटलेल्या रांगा पूर्वेकडे उतरत जातात, त्यांवर एकेक किल्ला बसवलेला आहे, आणि प्रत्येक किल्ल्याला मूळ रांगेशी जोडणारी कुठली ना कुठली खिंड असतेच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत सातारा शहर ४७ जी आणि ४७ के या दोन पत्रकांच्या सीमेवर येते. ही पत्रके शेजारी शेजारी पसरून जिल्ह्यातील डोंगरांची उठावानुसार नोंदवही करण्याचा उद्योग मी सध्या चालवला आहे. प्रत्येक डोंगरापुढे तीन रकाने आहेत: माथ्याची उंची, निर्णायक खिंडीची जागा आणि तिची उंची. पहिला रकाना भराभर भरतो. वेळ जातो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत, आणि माझ्या मते या विषयातील खरे काम तिथेच आहे.

याचे कारण सर्वेक्षणाच्या पद्धतीत आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षण माथ्यावरून माथ्याकडे पाहत पुढे सरकले. राधानाथ सिकदार यांनी १८५२मध्ये ‘पीक १५’ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची गणिताने काढली आणि १८५६मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, तीही दूरच्या मैदानातून घेतलेल्या कोनांवरून. दुर्बिणीच्या टप्प्यात शिखरे येतात. खिंडी त्यांच्या आड लपतात. त्यामुळे नकाशात माथ्यावर त्रिकोण आणि नेमका आकडा असतो, पण खिंडीत बहुधा काहीच नसते. तिथे समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजाव्या लागतात. १:५०,०००च्या नकाशात दोन रेषांमधील अंतर वीस मीटरचे असते, म्हणजे खिंडीचा तळ त्या वीस मीटरांत नेमका कुठे आहे हे नकाशा सांगत नाही. चंदन आणि वंदन या जोडकिल्ल्यांचेच पाहा. दोघांच्या मधली खिंड डोळ्यांना स्पष्ट दिसते आणि वंदन किंचित उंच असल्यामुळे तीच चंदनची निर्णायक खिंड, हेही उघड आहे. तरीही नोंदवहीत चंदनपुढे एक आकडा न लिहिता दोन आकड्यांमधील पल्ला लिहावा लागतो, आणि मला तेच प्रामाणिकपणाचे वाटते.

फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या उड्डाणात रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला आणि चित्र पालटले. उत्तरेला ६० अंश आणि दक्षिणेला ५६ अंश अक्षांशांपर्यंतच्या जमिनीची उंची चौकटींच्या जाळ्यात उपलब्ध झाली, आणि खिंड असो वा शिखर, प्रत्येक जागेला आकडा मिळाला. पण या आकड्यांचाही एक कल असतो आणि तो ओळखून घ्यावा लागतो. चौकटीतील उंची ही त्या तेवढ्या जागेची सरासरी असल्याने अरुंद सुळक्याचा माथा प्रत्यक्षापेक्षा बुटका नोंदला जातो, आणि दोन्ही बाजूंनी चढ असलेल्या चिंचोळ्या खिंडीचा तळ प्रत्यक्षापेक्षा उंच. त्यात खिंडीत दाट झाडी असेल, तर रडार जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळून परतते. तिन्ही दोष एकाच दिशेने जातात आणि उठाव कमी दाखवतात. शिवाय अतिशय उभ्या कड्यांच्या मागे रडारची सावली पडून जाळ्यात भोके राहिली होती. स्कॉटलंडमधील जोनाथन द फेरांती यांनी जगभरचे नकाशे जमवून ती चिकाटीने बुजवली. डोंगरांच्या यादीसाठी भोके बुजवत बसणारा माणूस मला कोणत्याही विक्रमी गिर्यारोहकाइतकाच थोर वाटतो, हे माझे वैयक्तिक मत आहे.

यादी करण्याची हौस मात्र त्याहून पुष्कळ जुनी. १८९१मध्ये ह्यू मन्रो यांनी स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांवरील शिखरांची यादी केली, पण कोणते शिखर स्वतंत्र आणि कोणता नुसता उंचवटा, हे त्यांनी आपल्या नजरेने ठरवले होते. त्यावरचे वाद पुढे चालूच राहिले. अ‍ॅलन डॉसन यांनी १९९२मध्ये उंचीची अटच काढून टाकली आणि ब्रिटनमधील दीडशे मीटर उठाव असलेली प्रत्येक टेकडी यादीत घेतली. तिकडे अमेरिकेत स्टीव्ह फ्राय यांनी १९८०च्या दशकात पंधराशे मीटर किंवा अधिक उठाव असलेल्या पर्वतांना ‘अल्ट्रा’ हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. असे पर्वत सुमारे पंधराशेच आहेत, हा एक गमतीचा योगायोग. एडवर्ड अर्ल यांनी उठाव काढणारी संगणक-प्रणाली लिहिली, आणि पुढे २०१७मध्ये अँड्र्यू कर्मसी आणि द फेरांती यांनी साऱ्या पृथ्वीवरील शिखरांचा उठाव एकाच पद्धतीने काढून प्रसिद्ध केला. माणसाने वर्षानुवर्षे हाताने जमवलेली यादी आता यंत्र तपासते आहे, आणि जिथे दोघांचे पटत नाही तिथे पुन्हा कुणीतरी नकाशा उघडून बसते.

महाराष्ट्रात अल्ट्रा एकही नाही, आणि हे सिद्ध करायला यंत्राचीही गरज नाही. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तिचा उठाव पंधराशे भरायचा तर तिची निर्णायक खिंड १४६ मीटरपेक्षा खाली असायला हवी. कळसूबाईहून उंच जमीन शोधत सह्याद्रीच्या माथ्याने दक्षिणेला कर्नाटकातील कुद्रेमुखाकडे जाता येते, आणि त्या माथ्यावरच्या खिंडी इतक्या खाली कुठेच येत नाहीत. खंडाळ्याला बोरघाटाच्या वर जमीन बरीच उतरते, तरी तिथेही ती सहाशे मीटरच्या आसपास असते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट तर १,४३९ मीटरच उंच असल्याने प्रश्नच मिटतो. याउलट केरळातील अनैमुडी २,६९५ मीटर उंच असून तिचा उठाव २,४७९ मीटर आहे, म्हणजे तिची निर्णायक खिंड अवघ्या २१६ मीटरवर आहे. अनैमुडीहून उंच जमीन थेट हिमालयात असल्यामुळे ही वाट द्वीपकल्प ओलांडून उत्तरेच्या मैदानातून जाते. निलगिरीतील दोड्डबेट्टाचा (२,६३७ मीटर) उठाव २,२५६ मीटर आहे, कारण तिला अनैमुडीपासून पालघाटची खिंड तोडते.

या खिंडी शोधताना एक गोष्ट फार उपयोगी पडते: निर्णायक खिंड नेहमी पाणलोटाच्या धारेवर असते. महाबळेश्वराला कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री एकीकडे आणि सावित्री दुसरीकडे वळते. ज्या धारेने या पाण्याची फाळणी होते, तिच्याच खालच्या बिंदूंवर लक्ष ठेवले की बाकीचा नकाशा बाजूला सारता येतो. ओढ्यांच्या उगमांना जोडत गेले की धार आपोआप हाती येते, आणि या कामात नकाशावरील निळ्या रेघा तपकिरी रेघांपेक्षा अधिक बोलक्या ठरतात.

संकेतांचा प्रश्नही सुटावा लागतो. सुएझला कालवा खोदलेला आहे, मग किलिमांजारोचा उठाव पूर्ण धरायचा का? जाणकारांचा संकेत असा की माणसाने केलेली खोदाई जमेस धरायची नाही, मूळ जमीनच पाहायची. साताऱ्यात हाच प्रश्न बोगद्यापाशी येतो. अजिंक्यताऱ्याचा डोंगर यवतेश्वरच्या डोंगराला जिथे जोडला जातो, नेमक्या त्याच धारेच्या पोटातून सज्जनगडाकडे जाणारा रस्ता बोगद्याने काढलेला आहे. बोगद्याने धार तुटत नाही. त्याच्या वरची जमीन शिल्लक आहे, म्हणून अजिंक्यताऱ्याची निर्णायक खिंड बोगद्याच्या छपरावर, रस्त्याच्या बऱ्याच वर, धरली पाहिजे. रोज त्याखालून जाणाऱ्या शेकडो गाड्यांना आपण एका डोंगराच्या मोजमापाखालून जातो आहोत याचा पत्ता नसतो, आणि असण्याचे कारणही नाही.

अजिंक्यतारा मात्र या मापाची मर्यादाही दाखवतो. तो शहरावर सुमारे तीनशे मीटर उभा आहे, साताऱ्याच्या कोणत्याही गल्लीतून मान वर केली की तोच दिसतो. तरीही त्याची धार मागे यवतेश्वरशी आणि पुढे कासच्या पठाराशी जोडलेली असल्याने त्याचा उठाव त्याच्या रुबाबाच्या मानाने थोडाच भरतो. उलट महाबळेश्वरचे पठार जिल्ह्यात उठावाने पहिले येते, आणि विल्सन पॉइंटवर उभे राहणाऱ्या पर्यटकाला आपण शिखरावर आहोत असे वाटतही नाही. उठाव हे माप दोनच बिंदू पाहते. मधला उतार उभा कडा आहे की गवताळ सोंड, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. हे ओळखून डेव्हिड मेट्झलर आणि एडवर्ड अर्ल यांनी चहूबाजूंची उंची आणि तीव्रता या दोन्हींचा हिशेब करणारे वेगळे माप सुचवले. ते अधिक न्याय्य आहे, पण नकाशा आणि पेन्सिल घेऊन काढता येत नाही, आणि म्हणून मला त्याचे आकर्षण कमी आहे.

नोंदवहीत सध्या मी शंभर मीटरची मर्यादा ठेवली आहे. अल्ट्राचे पंधराशे किंवा डॉसन यांचे दीडशे जितके मनमानी, तितकीच हीही. पण वीस मीटरच्या समोच्चरेषांवरून याहून खालची मर्यादा राखणे धाडसाचे ठरेल. ज्यांच्या पल्ल्याचे खालचे टोक शंभराच्या आत आणि वरचे टोक शंभराच्या बाहेर पडते, असे डोंगर शेवटच्या पानावर पेन्सिलीने वेगळे लिहिले आहेत. खिंडींत जाऊन तिथली उंची दाबमापकाने घेतल्याशिवाय ते कोणत्याही बाजूला ढकलायचे नाहीत, असे ठरवले आहे. पावसाळा संपला की त्या पानापासून सुरुवात करायची आहे.