भारत सोडून सहा देश

सातवीपर्यंत मी साताऱ्याला मराठी शाळेत होते. तिथे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली थोडी पानं. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचली तरी चालायचं. पुढे बाबांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीत आलो, आणि अकरावीत मीच हट्टाने राज्यशास्त्राच्या मागे लागले. आईला अजूनही त्याचं आश्चर्य वाटतं.

इथे एपी नावाचा प्रकार असतो. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या सुरुवातीच्या पातळीचा विषय घ्यायचा, मे महिन्यात सगळ्यांना एकच पेपर, आणि निकाल 1 ते 5 मध्ये. अमेरिकेच्या राज्यकारभाराचा एपी आमच्या शाळेत होता, पण मला हवा होता तो तुलनात्मक शासन आणि राजकारण. त्यात देश सहा: ब्रिटन, रशिया, चीन, इराण, मेक्सिको आणि नायजेरिया. भारत नाही. साताऱ्याला आबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "जगातली सगळ्यात मोठी लोकशाही सोडली? मग तुलना कशाशी करताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोंदणीचा व्याप थोडक्यात सांगते. विषय शिकवत नाही त्यामुळे पेपर मागवणार नाही, असं शाळेने सांगितलं. बाबांनी चार ठिकाणी फोन केले, वीस मिनिटांवरची एक शाळा तयार झाली, आणि नोव्हेंबरच्या मुदतीत 98 डॉलर भरून नाव लागलं. शिकवायला कुणीच नाही. मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि ते कसे तपासतात त्याचे तक्ते मात्र फुकट मिळतात. मी त्यांच्यावरच अभ्यास केला.

पहिली अडचण आली शब्दांची. पहिल्याच धड्यात 'स्टेट', 'रेजीम', 'गव्हर्नमेंट' आणि 'नेशन' हे चार वेगळे करा म्हणतात. मी वाचते इंग्रजीत, पण डोकं मराठीत चालतं. स्टेट म्हणजे राज्य, आणि राज्य म्हटलं की मला महाराष्ट्रच दिसतो! तीन दिवस मी नायजेरियाची 36 राज्यं आणि नायजेरिया हे राज्य यांत गोंधळत होते. शेवटी वहीत मराठीत लिहिलं: सरकार म्हणजे आज खुर्चीवर कोण, राजवट म्हणजे खुर्चीवर बसायचे नियम काय, आणि राज्यसंस्था म्हणजे खुर्ची ज्या घरात ठेवलीय ते घर. मग 2022 मध्ये ब्रिटनला जॉन्सन, ट्रस, सुनक असे एका वर्षात तीन पंतप्रधान झाले तरी राजवट हलली नाही, आणि 1979 ला इराणमध्ये राजवटच उलटली, हे एका झटक्यात बसलं.

त्या हिवाळ्यात आबा माझे अभ्यासाचे सोबती झाले. त्यांच्या सकाळी, माझ्या रात्री आमचा फोन. मी ब्रिटनचा अविश्वास ठराव वाचत होते. मार्च 1979 मध्ये कॅलहन यांचं सरकार 311 विरुद्ध 310 असं एका मताने पडलं, हे सांगितलं तर आबा म्हणाले, "त्यात काय, आम्ही वाजपेयींचं बघितलंय टीव्हीवर." एप्रिल 1999, बाजूने 269, विरोधात 270. संसदीय पद्धतीत पंतप्रधानाचं आयुष्य सभागृहाच्या हातात असतं, हे त्यानंतर मला पाठ करावं लागलं नाही. मेक्सिकोत 1929 पासून 2000 पर्यंत राष्ट्राध्यक्षपद एकाच पक्षाच्या हातात होतं, तेही दर सहा वर्षांनी नेमाने निवडणूक घेऊन, हे ऐकून ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "काँग्रेसवाल्यांना सांगू नको."

मला सगळ्यात आवडला नायजेरिया. तिथे राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती सगळ्यात जास्त मतं पुरत नाहीत, दोन तृतीयांश राज्यांत किमान 25 टक्के मतं लागतात. तिथे मोठे समाज तीन: उत्तरेत हौसा-फुलानी, नैऋत्येला योरुबा, आग्नेयेला इग्बो. 1967 ते 70 मध्ये बियाफ्राच्या युद्धात देश फुटता फुटता राहिला, त्यामुळे आपल्याच पट्ट्यातली मतं गोळा करून कुणी अध्यक्ष होऊ नये म्हणून ही अट. आमच्याकडे मुख्यमंत्र्याला दोन तृतीयांश जिल्ह्यांत पाव मतं मिळवायला लावली तर काय काय होईल, यावर आबांनी आणि मी अख्खा एक फोन घालवला. गंमत म्हणजे मी हे वाचत होते त्याच काळात, ऑक्टोबर 2023 मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयात याच 25 टक्क्यांवरून भांडण चालू होतं. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांना राजधानी अबुजात तेवढी मतं नव्हती. अबुजाला वेगळा मान नाही, तीही एका राज्यासारखीच धरायची, असं ठरून त्यांची निवड टिकली.

इराण मात्र डोक्यात शिरेना. शेवटी इंडियन ग्रोसरीवाल्याने दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाण काढले आणि ते फ्रिजवर लावलं. लोक 88 धर्मगुरूंची तज्ज्ञ सभा निवडतात. ती सर्वोच्च नेता निवडते. नेता 12 जणांच्या पालक परिषदेतले 6 थेट नेमतो. उरलेल्या 6 जणांची नावं न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो, त्यांना संसद मान्यता देते, आणि तो प्रमुखही नेत्यानेच नेमलेला. आणि निवडणुकीला कोण उभं राहू शकतं, तज्ज्ञ सभेच्या निवडणुकीलासुद्धा, हे ठरवते पालक परिषद. नाव का कापलं, हे सहसा जाहीर सांगत नाहीत. शेवटचा बाण काढला आणि वर्तुळ मिटलं. आईने आधी 'पालक परिषद' वाचून शाळेत बोलावलंय का म्हणून विचारलं. मग भाजी चिरता चिरता बाण बघितले आणि म्हणाली, "साताऱ्याच्या सोसायटीत असंच होतं की. उभं कोण राहणार ते कमिटी ठरवायची, आणि पुन्हा कमिटीच निवडून यायची."

एवढं समजत होतं, तरी मार्क पडत नव्हते, कारण मी लिहीत होते बोर्डाच्या पेपरासारखं. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. इथे तपासणाऱ्याला प्रस्तावनेशी घेणंदेणं नाही. 'व्याख्या द्या' म्हटलं की एक नेमकं वाक्य. 'वर्णन करा' म्हटलं की वैशिष्ट्य सांगा. 'स्पष्ट करा' असेल तर 'त्यामुळे' किंवा 'कारण' आल्याशिवाय मार्क नाही. तक्त्याच्या प्रश्नात दोन आकडे एकाच वेळी वाढले म्हणून एकामुळे दुसरा वाढला असं लिहिलंत, तर गेलात.

खरा फटका निबंधात बसला. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत माझे दोन सराव निबंध तपासायचं कबूल केलं होतं. एक होता, लोकशाहीला सत्ता केंद्राकडे असलेली बरी की वाटून दिलेली. मी जीव ओतून लिहिलं. 73वी घटनादुरुस्ती, ग्रामपंचायती, महिलांच्या राखीव जागा, आईच्या माहेरच्या गावच्या सरपंचबाई. पाचातला एक मार्क मिळाला, तोही पहिल्या वाक्यातल्या दाव्याचा. समासात बाईंनी लिहिलं होतं, "सुंदर. पण हा सहांतला देश आहे का?" पुरावा अभ्यासक्रमातल्या देशांचाच लागतो. नियम माहीत होता, पण लिहायच्या भरात भारतच आला. नंतर मी कच्च्या कागदावर आधी सहा देशांची नावं लिहायची सवय लावून घेतली.

पेपराच्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकून त्या परक्या शाळेत सोडलं. 60 मिनिटांत 55 पर्यायी प्रश्न, मग 90 मिनिटांत चार लेखी उत्तरं. निबंधाला लागले तेव्हा बोट दुखत होतं. भारत एकदाच आला, अर्ध्या वाक्यापर्यंत. खोडला आणि मेक्सिको लिहिला.

पेपर झाल्यावर पुस्तकं पेटीत टाकायची असं ठरवलं होतं. पण 19 मे 2024 ला इराणचे राष्ट्राध्यक्ष रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेले. आबांचा फोन, "आता पुढे काय?" आणि मला येत होतं! पहिले उपराष्ट्राध्यक्ष काम बघणार, 50 दिवसांत निवडणूक, उमेदवार आधी पालक परिषदेच्या चाळणीतून. तसंच झालं. 2 जूनला मेक्सिकोत शाइनबाउम पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, 4 जूनला आमच्या घरी रात्रभर आपला लोकसभेचा निकाल चालला, आणि 4 जुलैला ब्रिटनमध्ये मतदान. मजूर पक्षाला जेमतेम एक तृतीयांश मतं, पण 650 पैकी 411 जागा. रिफॉर्म यूके या पक्षाला 14 टक्के मतं आणि जागा पाच. आबा हिशेब मांडत बसले.

जुलैतच माझा निकाल आला. 4.

"एक मार्क कुठे गेला?" आबांनी विचारलं.

"ते कळत नाही. फक्त आकडा येतो."

"कुणी तपासलं, का कापलं, काहीच सांगत नाहीत?"

"नाही."

"मग ती तुझी पालक परिषदच की," आबा म्हणाले, आणि चहा प्यायला उठले.